कपाळावरचं दूध

बाई, आज नववा दिवस. शिंगरू नऊ दिवसांचं झालं की त्याला हगवण लागते, घाबरायचं नसतं, शेपटीखालचं पुसून घ्यायचं आणि आपल्या कामाला लागायचं, हे तू मला शिकवलंस. माणूस जाऊन नऊ दिवस झाले की मागे राहिलेल्यांनी काय करायचं, ते मात्र शिकवायचं राहिलं. म्हणून स्वयंपाकघरात पाटावर वही घेऊन बसले आहे. बाहेर तुझे मालक, आमचे दादा, खाटेवर पडून आहेत. तुझा लेक मनोहर सकाळीच कंपनीच्या बसनं हिंगण्याला गेला, त्याची रजा संपली.

तुला अक्षर वाचता येत नव्हतं. मी काही लिहायला बसले की तू म्हणायचीस, "लिहून काय करून राहिली वं? बोल न तोंडानं." एक गोष्ट मी एकोणीस वर्षं तोंडानं बोलले नाही. काल बोलले, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या मंडपात, सगळ्यांसमोर. तिथं काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला घास गोड लागणार नाही. पण तू मला ओळखतेस, मी सरळ मुद्द्यावर कधी आले आहे?

या घरात आले तेव्हा मी तुला अहो-जाहो करत होते. तू मोठी जाऊ, तीन लेकरांची आई, आणि मी सावनेरहून आलेली सातवी पास पोरगी. आठ दिवस तू ऐकून घेतलंस. नवव्या दिवशी वैतागलीस. "तुम्ही तुम्ही करून राहिली, मी काय मास्तरीन आहे? बाई म्हण अन् तू म्हण." त्या दिवसापासून तू बाई झालीस. तुझं नाव सगुणा आहे हे माझ्या विमलला शाळेत जाईपर्यंत माहीत नव्हतं.

इंदोऱ्यातलं आपलं घर दोन खोल्यांचं आणि मागचा तबेला त्याहून मोठा. आपल्या सासऱ्यांचे, मामाजींचे, दोन टांगे होते. एक दादा हाकायचे, एक आमचे हे. मामाजींना घोडा चालत नसे, घोडीच लागे, कारण घोडी टांगाही ओढते आणि दोन वर्षांतून एक शिंगरूही देते. टांग्यावर पुरुष बसायचे, पण घोड्या खरं तर तुझ्या होत्या. आपल्या घरात घोडीचं बाळंतपण बायांनी करायचं अशी रीतच होती. सासूबाई करायच्या, त्या गेल्यावर तू करू लागलीस. पुरुषांनी त्या दिवसांत तबेल्याच्या उंबऱ्याबाहेर विडी ओढत बसायचं, एवढंच त्यांचं काम.

मी गाई-म्हशींच्या घरातली. पहिल्यांदा घोडीची कास पाहिली तेव्हा मला हसू आलं. दोनच सडं, आणि कास म्हणजे मुठीएवढी. मी म्हटलं, बाई, याच्यात काय दूध असणार? तू माझा हात धरून खाली बसवलंस, एक पिळी माझ्या तळहातावर सोडलीस आणि म्हणालीस, चाख. पातळ होतं, निळसर होतं, आणि साखर घातल्यासारखं गोड.

"म्हैस दूध साठवते, घोडी साठवत नाई," तू म्हणालीस. "घोडी थोडं थोडं देते, पण दिवसभर देते. शिंगरू एका तासात तीनदा-चारदा पेते. बस इथं, मोज." मी खरोखर त्या दुपारी उंबऱ्यावर बसून मोजलं. तू धुणं धुता धुता विचारायचीस, किती झाले? घरात नवी आलेली सून शिंगराचे घोट मोजत बसली आहे हे पाहून मामाजी हसले होते. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलं नाही.

माझी विमल झाली तेव्हा मैना घोडी गाभण होती, दिवस भरत आले होते. चुलीवर तू दोन गंज चढवायचीस. एकात माझ्यासाठी गव्हाच्या रव्याची पेज, गूळ आणि डिंक घातलेली, दुसऱ्यात मैनासाठी जवस आणि गहू, त्यातही गूळ. एका सकाळी तुझ्या हातून वाटी बदलली. मी अर्धी वाटी संपवली आणि म्हटलं, बाई, आज जरा चिकट झालं आहे. तू पाहिलंस आणि खाली बसून पोट धरून हसलीस. "खाल्लं तं खाल्लं. तिच्यासाठी चांगलं ते तुयासाठी चांगलं. बाळंतीण ते बाळंतीण." त्या दिवसापासून ती खळ मी मुद्दाम मागून खायचे. तुला ते आवडायचं.

आणि पाणी. दूध देणाऱ्या घोडीसमोर दिवसभर दोन बादल्या भरलेल्या हव्यात, यावर तुझा कटाक्ष. नळाला पाणी एक तास यायचं, त्यातलं पहिलं घोडीला, मग घराला. मामाजींच्या आंघोळीचं पाणीही तू एकदा तिला देऊन टाकलं होतंस. पुरुषमाणूस एक दिवस बिनआंघोळीचा राहिला तर त्याचं काही आटत नाही, असं तू त्यांना तोंडावर म्हणालीस.

मामाजींशी तुझं असं नेहमीच चालायचं, पण खरं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. चीक. घोडी व्याली की पहिलं घट्ट पिवळं दूध जमिनीवर पिळून टाकायचं, शिंगराला ते जड जातं, असं मामाजींच्या बापापासून चालत आलेलं. तोवर शिंगराला बोटावर गूळ-तूप चाटवायचं आणि संध्याकाळी थानाला लावायचं. सासूबाईंनी जन्मभर हेच केलं. तू दोन खेपा मामाजींची पाठ वळल्यावर शिंगरांना चोरून चीक पाजला होतास, आणि ती शिंगरं ठणठणीत निघाली होती. मैनाच्या वेळी तू चोरून करायचं नाही असं ठरवलंस.

शिंगरी झाली तेव्हा सकाळचे आठ वाजले असतील. तांबूस रंगाची, लांब पायांची, तासाभरात धडपडत उभी राहिली. मामाजी दारातून म्हणाले, चीक काढून टाक. तू मैनाच्या मानेवर हात ठेवून उभी राहिलीस.

"मामाजी, दीक्षा घेतली तव्हा घरातले सारे देव टोपल्यात भरून तुम्ही नदीत सोडून आले. मंग हे चिकाचं काहून धरून बसले?"

मी विमलला घेऊन मागे उभी होते. मामाजींचा चेहरा लाल झाला. देव सोडताना त्यांना काय सोसावं लागलं ते आपल्याला ठाऊक होतं, आणि त्याचा त्यांना केवढा अभिमान होता तेही. त्यांनी हातातली विडी विझवली. मग म्हणाले, "कर मनाचं. काही झालं तं तुह्या मानेवर."

शिंगरी चीक प्यायली. शेपटी हलवत, मैनाच्या पोटाला डोक्यानं ढुशा देत प्यायली. तू माझ्याकडे पाहून डोळा मारलास. एवढी खूश मी तुला पुन्हा कधी पाहिली नाही, मनोहरला कंपनीत नोकरी लागली त्या दिवशीसुद्धा नाही.

शिंगरी सहा दिवसांची असताना खाप्याहून निरोप आला की तुझे वडील पडले, कंबर मोडली. तुला जावंच लागणार होतं. मैना अजून टांग्याला जुंपायची नाही, हे तू मामाजींकडून कबूल करून घेतलंस, आणि निघताना मला तबेल्यात नेलंस.

"तीन दिवसात येतो मी. सकाळी उठली का पहिले शिंगरीले नोको पाहू, कास पाह्य. कास लोंबलेली, रिकामी, तं शिंगरी बरी. कास तट्ट भरली असन तं समज पोट्टी पेत नाई. मंग कोनाले तरी खाप्याले धाड."

मी हो म्हटलं. मला सगळं येतं असंच मला वाटत होतं. घोट मोजून झाले होते माझे.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमल रडत होती. मी तिला कडेवर घेऊनच तबेल्यात डोकावले. शिंगरी मैनाखाली उभी होती आणि तिचं सगळं कपाळ दुधानं पांढरं झालं होतं. डोळ्यांवरून, नाकावरून दुधाचे ओघळ. मला इतका आनंद झाला बाई, की मी कासेकडे पाहिलंच नाही. माझं तेव्हा कसं होतं तुला आठवतं? विमलला पुरून दूध सांडायचं, चोळी दिवसातून चारदा बदलावी लागे. ज्या आईचं दूध वाहतं तिचं लेकरू तृप्त, एवढंच मला ठाऊक. मी धावत जाऊन मामाजींना सांगितलं, शिंगरी दुधानं न्हाली. तेही आले, पाहून गेले, म्हणाले, मैना जातीची आहे. शेजारच्या दोघी-तिघी बाया पाहायला आल्या. मी त्यांना तुझ्या जवसाच्या खळीचं कौतुक सांगत बसले.

तिसऱ्या दिवशी मैनाच्या मागच्या पायांवरून दूध ठिबकत होतं. शिंगरी बरीचशी आडवीच होती. मी म्हटलं, पोट भरलं की लेकरू झोपतंच. विमलही झोपली होती.

चौथ्या दिवशी दुपारी तू आलीस. फाटकातूनच तुला शिंगरी दिसली. हातातली पिशवी तू तिथंच टाकलीस, खाप्याची वांगी रस्ताभर झाली. तू शिंगरीच्या मानेखाली हात घातलास, मग मैनाची कास पाहिलीस. दगडासारखी झाली होती. पिल्लू कासेखाली जातं, तोंड लावायला त्याच्यात जीव नसतो, आईला पान्हा फुटतो आणि दूध त्याच्या कपाळावर गळतं. हे तू मला नंतर सांगितलंस, मामाजींना आणि मला ती तृप्तीच वाटली होती. त्या वेळी तू एवढंच विचारलंस.

"केव्हापासून?"

मी म्हटलं, "आज सकाळपासून."

तेवढे दोन शब्द. मी ते आधी ठरवले नव्हते, तोंडातून निघून गेले. यांनी जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टर आणले. त्यांनी शिंगरीची बेंबी दाबून पाहिली, म्हणाले, बेंबीतून विष चढलं आहे. त्यांनीही विचारलं, पिणं कधी सोडलं? सगळे माझ्याकडे पाहत होते. मी पुन्हा तेच म्हटलं. डॉक्टर म्हणाले, नवल आहे, एका दिवसात इतकं होत नाही. सुई दिली, आणखी एक दिली. तू कोमट पाण्यात फडकं बुडवून शिंगरीचं कपाळ धूत बसलीस. चार वाजता ती गेली.

मैना दोन दिवस खिंकाळत होती. तू तिचा खुराक निम्म्यावर आणलास, पाणी कमी केलंस, आणि रोज थोडं थोडं पिळून तिची कास मोकळी करत राहिलीस, सगळं काढायचं नाही, नाहीतर आणखी उतरतं. पण हे सगळं तू मला उंबऱ्याबाहेरून सांगत होतीस आणि करत होते मी. कारण शिंगरी गेली त्याच संध्याकाळी मामाजींनी निकाल दिला होता. माझ्या सांगण्याप्रमाणे कुणाची हयगय नव्हती, म्हणजे उरला चीक.

"सांगतलं होतं, चीक नोको पाजू. नाई आयकलं. आजपासून तबेल्यात पाय ठेवू नोको. लीला पाहील."

मी दाराआड विमलला पाजत होते. तू खरारा आणि बादली आणून माझ्यासमोर ठेवलीस आणि भाकरी थापायला बसलीस. मला वाटलं होतं, तू भांडशील. चिकावरून भांडणारी तू, स्वतःसाठी का भांडली नाहीस? तू भांडली असतीस तर कदाचित मी खरं बोलले असते. असं मी स्वतःला किती वर्षं सांगितलं. हेही खोटंच आहे.

मामाजी त्यानंतर अकरा वर्षं जगले. अकरा वर्षं तू तबेल्याचा उंबरा ओलांडला नाहीस. संत्र्याच्या हंगामात मंडीत पेट्या भरायला जाऊ लागलीस, एरवी घरात. अंगणातल्या अर्ध्या भिंतीवर कोपरं टेकून तू उभी राहायचीस आणि मला शिकवायचीस. शिंगरू आईची ओली लीद खातं, खाऊ दे, मारू नको. अजवायन आज नको. डाळीची चुनी कमी कर, लसूणघास वाढव. व्यालेल्या घोडीला दीड महिना झाल्याशिवाय टांग्याला लावायचं नाही, मामाजी कितीही म्हणोत. मैना येऊन भिंतीवरून तुझ्या खांद्यावर तोंड टेकवायची. तुझ्या हातांना संत्र्यांचा वास यायचा, तरी ती ओळखायची.

आपलं गरम दुधाचं भांडण त्या भिंतीवरच सुरू झालं. टांगा ओढून घोडी तापून आली की पहिल्या चार पिळ्या जमिनीवर टाकायच्या, कास थंड पाण्यानं पुसायची, मगच शिंगराला सोडायचं, हा तुझा नियम. मी डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, कामानं दूध नासत नाही, भुकेलं पिल्लू अधाशासारखं पितं म्हणून त्याचं पोट बिघडतं. मी तुला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, जसं तू चिकाचं केलंस तसंच हे, सोडून दे. तू म्हणालीस, "डॉक्टरले म्हणा, भर उन्हात स्टेशनपासून सदरपर्यंत एक फेरी मार, मंग सांग तुयं रक्त तापलं का नाई." मी म्हटलं, रक्त आणि दूध एक आहे का? तू म्हणालीस, मंग दूध येते कुठून? त्यावरून आपण वर्षानुवर्षं भांडलो. मागच्या महिन्यात तुझी छाती कफानं भरली होती, बोलवत नव्हतं, तरी मी मुद्दाम तो विषय काढला. तू हातानंच चार पिळ्या काढून दाखवल्यास.

मला जे सांगायचं आहे ते यापुढचं आहे. शिंगरी जाऊन चार वर्षं झाली होती. दुसऱ्या घोडीचं शिंगरू, दहा-बारा दिवसांचं. एका सकाळी मी आधी कास पाहिली. मी रोज आधी कास पाहत होते बाई, एकही दिवस चुकवला नाही. कास भरलेली होती आणि कपाळ ओलं होतं. डॉक्टर तासाभरात आले, शिंगरू वाचलं. ते कपाळ धुताना माझ्या लक्षात आलं, त्याच सकाळचं दूध नुसत्या पाण्यानं निघून जातं. मला तुझं फडकं आठवलं. तू किती वेळ घासत होतीस. खाली पिवळा, कडक थर होता, फडक्याला केस चिकटून येत होते. तीन दिवसांचं वाळलेलं दूध आणि एका सकाळचं दूध यातला फरक तुझ्या बोटांना कळला नसेल? तुला त्या दुपारीच कळलं होतं. मी खोटं बोलले हे तुला माहीत होतं, आणि तरी तू मामाजींसमोर गप्प बसलीस.

मी तशीच भिंतीशी आले. तू तांदूळ निवडत होतीस. सांगायचं म्हणूनच आले होते. तू मान वर न करता विचारलंस, "पेते का आता?" मी म्हटलं, पेते. "बरं झालं," तू म्हणालीस, आणि मी परत गेले.

तेव्हापासून मला तुझा राग येऊ लागला. आता लिहायला काय हरकत आहे? मला वाटू लागलं, तू मला मुद्दाम उपकाराखाली ठेवते आहेस. तू मायेनं काही दिलंस तरी मला टोचायचं. मला बालवाडीत काम लागलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तुला झाला, आणि मी मनात म्हटलं, हिला मोठेपणा मिरवायचा आहे. आपण दोघी एका ताटात जेवायचो, आणि मी तुझ्याबद्दल असा विचार करायचे.

मामाजी गेले त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मी तुझा हात धरून तुला तबेल्यात नेलं. तेव्हा ऑटो सुरू झाले होते, टांगा एकच उरला होता आणि घोडीही एकच, म्हातारी मैना. तू आत आलीस, इकडेतिकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "पाणी कमी ठेवून राहिली तू." बस. अकरा वर्षांनंतर एवढंच. मग मैनाच्या मानेत तोंड घालून उभी राहिलीस, आणि मी बाहेर निघून आले, कारण मला ते बघवलं नाही. पुढच्याच वर्षी मैनाही गेली. तबेल्यात नवं शिंगरू तुझ्या हातून पुन्हा कधी उभं राहिलं नाही. ते मी तुझं घेतलं. मामाजींनी नाही, मी.

आता कालचं सांगते. भंतेजी येऊन गेले, वंदना झाली, पंगत बसली. मी वरण वाढत होते. मनोहरच्या कंपनीतली माणसं आली होती, तो त्यांना तुझ्या गोष्टी सांगत होता. पोरगा चांगला बोलतो, सगळे ऐकत होते. म्हणाला, "आमची माय म्हणजे घोड्यायची डॉक्टरीन होती. फक्त एकदाच चुकली. आजोबाशी भांडून शिंगरीले चीक पाजला अन् शिंगरी मेली. आजोबानं जलमभर माफ नाई केलं." हे तो मायेनंच सांगत होता. लोक मायेनंच हसले. ही गोष्ट आपल्या घरात सगळ्या पोरांनी शंभरदा ऐकलेली आहे, आणि प्रत्येक वेळी मी तिथं होते. तूही असायचीस, आणि तूही हसायचीस.

काल तू नव्हतीस. मला एकदम कळलं की आता ही गोष्ट अशीच राहणार. मनोहरची पोरं त्यांच्या पोरांना सांगतील.

मी वरणाची बादली खाली ठेवली. म्हटलं, "मनोहर, तुह्या मायनं नाई मारली शिंगरी. मी मारली." आणि मग सगळं सांगितलं, कास पाहिली नाही ते, कपाळ पाहून नाचले ते, आज सकाळपासून म्हणाले ते, डॉक्टरांनाही तेच सांगितलं ते. पंगत थांबली. माझी विमल हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, ती माझ्याकडे पाहतच राहिली. मला वाटलं, आता कोणी मला चार शब्द बोलेल तर बरं होईल. बोला, शिव्या द्या, काहीतरी करा.

दादा खुर्चीवर बसले होते. तुला माहीत आहे, ते चार माणसांत बोलत नाहीत. ते म्हणाले, "लीला, मले माहीत आहे."

मी म्हटलं, काय माहीत आहे दादा?

"त्याच दिवशी सांगतलं तिनं मले. म्हणे, तीन दिसाचं दूध होतं कपाळावर. मी उठून राहिलो होतो बाबाले सांगाले. तं तिनं मले धरून बसवलं. म्हणे, नोको. लीलाच्या अंगावर पोट्टी पेते. बाबा तिच्यावर ओरडला तं ती धसका घेईन, अन् दूध आटन तिचं. एक लेकरू उपाशी गेलं घरातलं, दुसरं नाई जाऊ देत."

मी विचारलं, "मंग नंतर काहून नाई सांगतलं?"

"म्हणे, पोट्टीचं पेणं सुटू दे, मंग पाहू."

बाई, विमल अडीच वर्षांची होईपर्यंत पीत होती.